सासूची पारख

पहिल्याच दिवशी सासूनं चौदा बायकांना पुरुष ठरवलं, आणि केतकीला बाई.

सासू म्हणजे कुणा माणसाची सासू नव्हे. निंबळ्याच्या हळद यार्डात बायकांच्या स्वच्छतागृहाच्या तोंडाशी बसवलेलं ते यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव ‘चालपारख द्वार’ असं भारदस्त होतं, पण यार्डातल्या बायकांना कागदाशी काय देणंघेणं? दारात उभं राहून येणाऱ्या बाईची चाल न्याहाळायची, पसंत पडली तर आत घ्यायचं, नाहीतर तोंड वाकडं करायचं, हे काम घरोघर कोण करतं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्यातल्या निम्म्याजणींना बघायला आलेल्या पाहुण्यांनी ‘जरा चालून दाखव’ म्हटलेलंच होतं. तेव्हा नाव पडलं ते पडलंच.

या स्वच्छतागृहाची राखण अक्काताई मगदूम यांच्याकडे होती. वय छप्पन्न, आवाज खणखणीत, आणि फिनेल टाकावं तर त्यांनीच, अशी ख्याती. दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून त्या अकरा वर्षं बसत होत्या. केतकी ही त्यांच्या धाकट्या भावाची, भूपालची मुलगी. मुलगी म्हणायला अक्काताईंना सहा महिने लागले होते. भूपालला चार वर्षांत जमलं नव्हतं.

केतकी जन्मली तेव्हा भूपाल आवटीनं मुलगा झाला म्हणून अख्ख्या हमालवाड्यात पेढे वाटले होते. एकोणिसाव्या वर्षी तिनं बापासमोर उभं राहून सांगितलं की मी मुलगा नाही, कधी नव्हतो. भूपालनं मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं बोलायचं बंद केलं. केतकी चार कपडे घेऊन आत्याकडे आली. तिला बोलण्यात काही बदलावं लागलं नाही, कारण या भागातल्या बायका सगळ्याच ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात. बदलायचं होतं ते बाकीच्यांना. जिल्ह्याहून तिचं ओळखपत्र आलं, त्यावर ‘स्त्री’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. यार्डाच्या हजेरीपटात मात्र ती अजून पुरुषच होती. तो रकाना बदलायची सोय संगणकात नाही, असं कारकून म्हणायचा. संगणक गरीब बिचारा, तो कशाला नाही म्हणतो?

ती बायकांच्या टोळीत कामाला होती. हळकुंडं निवडायची, पाटी भरायची आणि चुंबळीवर ठेवून सौद्याच्या ओट्यावर न्यायची. त्या वर्षी सौदे मोबाईलवर होत, प्रतवारी कॅमेरा करी, दर आकाशातून पडल्यासारखे फळ्यावर उमटत. पाटी मात्र बाईच्या डोक्यावरून आणि पोतं पुरुषाच्या पाठीवरूनच जाई. विज्ञानाला तिथवर यायला सवड झालेली नव्हती.

केतकीचा खरा प्रश्न अगदी साधा होता. लघवीला जायचं कुठं? पुरुषांच्या बाजूला एकदा गेली होती, तिथं काय झालं ते तिनं आत्यालाही सांगितलं नाही. बायकांच्या बाजूला काहीजणी नाक मुरडत. म्हणून अक्काताई दुपारी दोनला, शेड रिकामी झाली की, तिला हळूच आत सोडत. तोवर ती पाणीच प्यायची नाही. एप्रिलच्या उन्हात, हळदीच्या धुळीत, सकाळी सातपासून कोरड्या घशानं. दोन वर्षांत दोनदा तिला सलाईन लागलं आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं सांगितलं की हे असंच चाललं तर मूत्रपिंड जाईल. अक्काताईंच्या उरावर हा दगड कायमचा होता.

मग आदल्या हंगामात ती घाणेरडी गोष्ट घडली. बायकांच्या न्हाणीत झरोक्याला चिकटवलेला कॅमेरा सापडला. एका अडत्याचा दिवाणजी मागच्या भिंतीवरून चढून तो लावून गेला होता. बायका हादरल्या, आणि त्यांचं हादरणं खोटं नव्हतं. बाजार समितीनं तातडीची सभा घेतली, आणि मागच्या भिंतीवरून झालेल्या चोरीवर उपाय म्हणून पुढच्या दाराला कुलूप घालायचं ठरवलं. सभेचं शहाणपण बऱ्याचदा असंच असतं.

यंत्र घेऊन पुण्याहून निनाद कारखानीस नावाचा तरुण इंजिनिअर आला. पोरगा सरळ होता. अक्काताईंनी ‘हे करतं काय?’ विचारल्यावर त्यानं टाळाटाळ न करता समजावून सांगितलं. चौकटीतून रडारच्या अगदी बारीक लहरी निघतात. त्या कपड्यातून आरपार जातात आणि अंगावरून परत फिरतात. फोटो निघत नाही, नुसते ठिपके मिळतात: खांदे, खुबे, गुडघे, घोटे, मानेचा मणका, असे चाळीस. माणूस चार पावलं चालला की हे ठिपके हलतात, आणि त्यांच्या हलण्यावरून यंत्र ठरवतं, बाई की पुरुष. पंच्याऐंशी टक्के खात्री पटली तर कडी उघडायची, नाहीतर तांबडा दिवा आणि ‘कृपया शेजारच्या विभागात जावे’ असा गोड आवाज.

“पण बाई म्हंजे काय ते तुमी त्येला सांगितलं कसं?” अक्काताईंनी विचारलं.

निनाद हसला. सांगत नाहीत, म्हणाला. दाखवतात. शेकडो बायका आणि शेकडो पुरुष त्याच्यासमोरून चालवायचे आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बटण दाबून सांगायचं, ही बाई, हा पुरुष. दोघांत काय फरक आहे ते यंत्र आपलं आपण शोधून काढतं. त्यानं नेमकं काय शोधलं, ते बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

बटण दाबायचं काम अक्काताईंवर आलं, कारण यार्डातला माणूस नि माणूस त्यांना ठाऊक. दहा दिवस चौकट शेडच्या आणि ओट्याच्या मधल्या वाटेवर उभी केली, म्हणजे भरपूर वर्दळ मिळेल. निनाद समितीच्या थंडगार खोलीत पडद्यावरचे ठिपके बघत बसला. ओझं, कपडे सगळं गाळून त्याला फक्त अंग दिसत होतं. केतकी चौकटीतून गेली तेव्हा अक्काताईंनी जीव मुठीत धरून ‘स्त्री’चं बटण दाबलं. कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणी बघतच नव्हतं.

आणि मग चौकट दारात बसली, आणि चौदाजणी पुरुष निघाल्या.

त्यात सत्तरीच्या हौसाबाई होत्या, कंबरेत वाकलेल्या. सातव्या महिन्यातली शेवंता होती. गुडघे गेलेल्या तिघी होत्या. समितीच्या सचिवांच्या पत्नी कौतुकानं बघायला आल्या, त्यांनाही सासूनं शेजारी जायला सांगितलं, तेव्हा यार्ड हसून हसून बेजार झालं. केतकी मात्र पाऊल टाकते न टाकते तोच कडी वाजली. पडद्यावर आकडा आला, स्त्री, नव्व्याण्णव टक्के. सबंध यार्डात तेवढा आकडा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

ही बातमी पुरुषांच्या ओट्यावर पोचायला किती वेळ लागणार? भूपाल हमालांच्या टोळीचा मुकादम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा. आत यायला बिचकत होता. अक्काताईंनी पाट दिला, तो त्यावर बसला आणि दाराशी काढलेल्या चपलेकडे बघत म्हणाला, सरकारमान्य मशीन आहे, त्याला काय कुणाचं वाईट बघायचंय? हाडं बघून सांगतंय म्हणे. म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार.

केतकी चहा घेऊन बाहेर आली. भूपालनं कप घेतला आणि म्हणाला, “बस पोरी.”

अक्काताई चुलीकडे तोंड करून रडल्या. नंतरचा सव्वा महिना त्या घरात सण होता. भूपाल रविवारी मटण घेऊन येई, ‘केतकीला नळी द्या’ म्हणे. यार्डात कुणी तिच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं तर म्हणे, मशीनला जाऊन विचार. पोरगी तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ लागली. तिच्या गालावर रंग चढला. एका यंत्रानं जे केलं ते आत्याच्या चार वर्षांच्या विनवण्यांनी झालं नव्हतं, याचं अक्काताईंना थोडं वाईटही वाटे. पण आयतं आलेलं सुख कुणी परत करत नाही.

एका दुपारी शेवंता घाईघाईनं आली. सकाळपासून तीनदा सासूनं तिला हाकललं होतं. या वेळी ती पाटी खाली ठेवायलाही थांबली नव्हती, तशीच डोक्यावर घेऊन दाराशी आली आणि कडी खाडकन उघडली.

अक्काताई खुर्चीवरून उठल्या. शेवंता बाहेर आल्यावर त्यांनी तिची पाटी मागून घेतली. आधी मोकळ्या डोक्यानं चौकटीत गेल्या: तांबडा दिवा. मग पाटी डोक्यावर घेऊन गेल्या: हिरवा. पुन्हा मोकळ्या: तांबडा. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

‘चालून दाखवा’ असं सांगितलं होतं, बायकांनी चालून दाखवलं. पण यार्डातली बाई शेडकडून ओट्याकडे मोकळी कशाला जाईल? मोकळी खेप ही तिच्या लेखी पापच. दहाच्या दहा दिवस प्रत्येक बाई डोक्यावर पाटी घेऊन गेली होती, मान ताठ, खांदे स्थिर, पाऊल मोजून. आणि प्रत्येक हमाल पाठीवर पोतं घेऊन, वाकून. यंत्रानं ओझं गाळलं, पण ओझ्यानं घडवलेली चाल ते कशी गाळणार? त्यानं प्रामाणिकपणे धडा घेतला. ताठ मान ती बाई, वाकला तो पुरुष. हौसाबाई वाकलेल्या, म्हणून पुरुष. आणि केतकी? नवी म्हणून तिला दोन वर्षं सगळ्यांत जड पाटी मिळे. ती मोकळी चालली तरी पाटी असल्यासारखीच चालायची. सासूला तिच्यात बाई दिसली नव्हती, पाटी दिसली होती.

अक्काताई खुर्चीवर बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत उठल्या नाहीत. हे कुणाला सांगितलं तर यंत्र पुन्हा शिकवतील, या वेळी मोकळ्या चालीवर. आणि मग केतकीचं काय? दाराचं एक वेळ बघता येईल. पण भूपाल? त्यानं मुलगी स्वीकारली होती ती आकडा बघून. आकडा गेला की बापही जाणार. अक्काताईंनी तोंडाला कुलूप लावलं. शेवंताला गुपचूप सांगून ठेवलं की पाटी घेऊन येत जा, कारण विचारू नकोस.

हौसाबाईंना ती युक्तीही कामाची नव्हती. त्यांच्या कंबरेनं केव्हाच पाटीला रामराम ठोकलेला, त्या बसून निवड करत. पाचव्या दिवशी निवडता निवडता त्या हळदीच्या राशीवरच आडव्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? हौसाबाई म्हणाल्या, घरी गेल्यावर पितो. दार उघडत नाही, मग उगीच कशाला प्यायचं?

अक्काताई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. हेच वाक्य त्यांनी दोन वर्षं घरात ऐकलं होतं.

घरी जाऊन त्यांनी केतकीला सगळं सांगितलं, पाटीपासून तोंडाच्या कुलपापर्यंत. केतकी आधी हसली. मोठ्यानं हसली. मग तिचं हसणं मधेच थांबलं आणि चेहरा उतरला.

“म्हंजे त्येनं मला वळखलंच नव्हतं,” ती म्हणाली. “आत्ती, मला वाटलं हुतं, एकानं तरी न सांगता वळखलं.”

अक्काताईंनी तिला जवळ घेतलं. थोड्या वेळानं केतकीच म्हणाली, की इंजिनिअरला फोन कर. हौसामावशी मरेल अशानं. अक्काताईंनी बापाचं नाव काढलं, तेव्हा तिनं डोळे पुसले.

“सव्वा महिना मिळाला की आण्णा,” ती म्हणाली. “लबाडीचा जास्ती नगं.”

दुसऱ्या दिवशी अक्काताईंनी निनादला फोन केला. त्यानं ऐकून फोन ठेवला, आणि तासाभरानं उलटा त्याचाच फोन आला. त्यानं साठवलेले ठिपके पुन्हा तपासले होते. तुमचं बरोबर आहे, म्हणाला, मी ठिपके बघत बसलो आणि एकदाही खोलीबाहेर येऊन माणसं बघितली नाहीत. चूक त्यानं कबूल केली हे अक्काताईंना आवडलं. समितीला मात्र घाम फुटला. करारात एक कलम होतं, पुन्हा शिकवल्यावर अचूकता पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गेली नाही तर कडी काढून टाकायची आणि दार मोकळं ठेवायचं. सचिवांनी फर्मान काढलं की आता घोळ नको. यंत्राचा अंदाज, हजेरीपट आणि बटण, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. नाही बसला तर नोंद वादग्रस्त, आणि तिथं जवळच्या नातेवाइकाचा अंगठा लागेल.

हे फर्मान फळ्यावर लागलं तेव्हा अक्काताईंनी ते दोनदा वाचलं. बटण त्यांनीच दाबायचं, म्हणजे त्यांचा अंगठा चालणार नव्हता. केतकीची आई केव्हाच गेलेली, जवळचं रक्ताचं नातं उरलं होतं ते एकच, आणि ते ओट्यावर उभं राहून फळा वाचत होतं. त्या संध्याकाळी भूपाल घरी आला नाही. रविवारीही नाही.

सोमवारी यार्ड भरलं. या वेळी सगळे मोकळे चालणार होते, बायका पाटीशिवाय, हमाल पोत्याशिवाय. या खेपेला यंत्रात आधी शहरातल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या चालीचा धडा भरला होता, तो इथल्या चालीवर सुधारायचा होता. बायका एका रांगेत, पुरुष एका रांगेत. निनाद या वेळी बाहेर उन्हात, टेबल टाकून बसला होता.

केतकी चौदावी होती. ती चौकटीतून गेली. पडद्यावर आलं: पुरुष, एकाहत्तर टक्के. रांगेत कुजबुज झाली. अक्काताईंनी विचार न करता ‘स्त्री’ दाबलं. हजेरीपटानं ‘पुरुष’ म्हटलं. तांबडी पट्टी आली: नोंद वादग्रस्त, नातेवाइकाचा अंगठा हवा.

निनादनं मान वर करून विचारलं, कुणी आहे का? सगळ्यांच्या माना पुरुषांच्या रांगेकडे वळल्या. भूपाल रांगेत तिसरा होता. तो जागचा हलेना. केतकी पायाकडे बघत उभी होती. अक्काताईंना वाटलं, आपण फोन केला नसता तर बरं झालं असतं, आणि त्याच वेळी वाटलं, केला ते बरं झालं. दोन्ही खरं होतं.

भूपाल रांगेतून बाहेर पडला. टेबलापर्यंतची वीस पावलं तो पाठीवर पोतं असल्यासारखाच वाकून चालला. निनादनं त्याला सांगितलं की यंत्र पुरुष म्हणतंय, हजेरीपट पुरुष म्हणतोय, अक्काताई स्त्री म्हणतायत. तुम्ही?

भूपालनं हळदीनं पिवळा झालेला अंगठा धोतराला पुसला आणि काचेवर ठेवला.

“पुरुष का स्त्री, तोंडानं सांगावं लागतं,” निनाद हलकेच म्हणाला.

“लेक हाय माझी,” भूपाल म्हणाला. “जोरात सांगू का एवढं बास?”

त्याची काही गरज नव्हती, ओट्याच्या टोकापर्यंत ऐकू गेलं होतं. पट्टी हिरवी झाली. शेवंतानं, आपलं पोट सावरत, केतकीला बाजूला सावलीत नेलं.

त्यानंतर हौसाबाई आल्या. पुरुष, अठ्ठ्याऐंशी टक्के. तांबडी पट्टी. नातेवाईक कोण? हौसाबाईंना मूल नव्हतं, नवरा तीस वर्षांपूर्वी गेला होता. त्या म्हणाल्या, माझं कोण आहे बाबा, राहू दे मला पुरुष. तेवढ्यात केतकी परत फिरली, टेबलाशी आली आणि काचेवर अंगठा ठेवून म्हणाली, “ही बाई हाय. मी सांगतो.”

“नातं काय लिहू?”

“लेक लिवा.”

निनादनं लिहिलं. पाच मिनिटांपूर्वी भूपालच्या अंगठ्यानं ती मुलगी म्हणून नोंदली गेली होती, त्यामुळे यंत्रालाही आता तोंड उरलं नव्हतं. पट्टी हिरवी झाली. मग गुडघे गेलेल्या तिघी आल्या, मिलमधून रिटायर झालेली उंचपुरी सगुणा आली, पोलिओनं पाय गेलेली मंदा आली. एकेकीची पट्टी तांबडी होई आणि कुणाची बहीण, कुणाची सून, कुणाची खरीखुरी सासू पुढे होऊन अंगठा देई. ज्यांनी केतकीला पाहून नाक मुरडलं होतं त्यांच्यातल्या दोघींचीही पट्टी तांबडी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी केतकीसाठी डब्यातून थालीपीठ आणलं.

दहा दिवस हे चाललं, आणि मौजेची गोष्ट अशी की जसजशी खरी माहिती यंत्राला मिळत गेली तसतशी त्याची अचूकता ढासळत गेली. एक्क्याण्णव, ब्याऐंशी, सत्तर. शेवटी ते त्रेसष्टवर येऊन बसलं. निनादनं बायकांना शेडमध्ये बोलावून समजावलं. शेजारी शेजारी दोन राशी घाला, म्हणाला, एक बायकांच्या चालीची, एक पुरुषांच्या. लांब लांब असल्या तर मधे दोरी धरता येते. पण रास खरी असली तर ती पसरते. तुमच्या दोन्ही राशी पसरून एकमेकींत इतक्या मिसळल्यात की दोरी कुठंही धरा, इकडचं तिकडं जाणारच. मागच्या वेळी राशी लांब दिसल्या, कारण मी बायका मोजल्याच नव्हत्या, पाट्या मोजल्या होत्या.

करारातलं कलम स्पष्ट होतं. कडी निघाली. सचिवांनी सुरक्षेचा मुद्दा काढला तेव्हा बायकांनी त्यांना हात धरून इमारतीच्या मागं नेलं आणि झरोका दाखवला. त्याला अजून जाळीदेखील नव्हती. जाळी हवी, आतून लागणाऱ्या कड्या हव्यात, जमिनीपर्यंत दारं हवीत, दिवे हवेत, आणि दाराशी अक्काताई आहेतच, असं बायकांनी एका दमात सांगितलं. त्यांच्या पुढाऱ्यासारखी केतकीच बोलत होती, आणि सचिव तिला ‘बाई, बाई’ म्हणत माना डोलावत होते. आठवड्यात जाळी बसली. हजेरीपटातला रकाना बदलायची सोय संगणकात होती, असंही त्याच आठवड्यात निघालं.

यंत्र उतरवायच्या दिवशी हमाल हवे होते, म्हणून भूपालची टोळी आली. चौकट गाडीत चढली. निनादला निघण्यापूर्वी अहवाल पुरा करायचा होता. अपयशाचं कारण काय लिहू, असं त्यानं अक्काताईंना थट्टेनं विचारलं.

“आमच्या बायका एकसारख्या चालत न्हाईत, एवढंच लिवा,” अक्काताई म्हणाल्या.

त्यानं तसंच लिहिलं. मग भूपालकडे वळून, जरा घुटमळत, त्यानं विचारलं की त्या दिवशी यंत्र पुरुष म्हणत होतं. तुमचा तर यंत्रावर केवढा विश्वास. मग अंगठा कसा दिलात?

भूपाल गाडीला दोर आवळत होता. त्यानं गाठ पक्की केली, मग सावकाश बोलला.

“साहेब, तुमच्या मशीननं दोन महिने चुकीचं सांगितलं, तर तुमी त्येला गाडीत घालून परत न्यायला लागला. मी जन्मापास्नं तेवीस वर्सं चुकीचं बटन दाबत हुतो. तरी माझ्या लेकीनं मला घरातनं काढलं न्हाई.”

ओट्यावर सौद्याची घंटा झाली. केतकी शेडमधून भरलेली पाटी घेऊन बाहेर आली, वाटेत बापाला म्हणाली, आण्णा, चला, पोती खोळंबल्यात, आणि भूपाल कपाळ पुसत तिच्या मागोमाग ओट्याकडे निघाला.